चांगूबायचा आयोग

बोनकोड्यात भाड्याची खोली बघायला निघालो, तेव्हा घरमालकीण काय काय विचारील याची मी आणि मंदाने रिक्षातच उजळणी केली होती. गाव कुठलं? सातारा. नोकरी? महाप्याला, पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, खरेदी विभागात. मांसमच्छी खाता का? इथे मंदाचं म्हणणं होतं की खरं सांगावं. माझं म्हणणं होतं की आधी त्यांच्या घरातून वास कसला येतोय तो बघावा आणि मग खरं काय ते ठरवावं.

वास सुक्या बोंबलांचा येत होता. घरमालकीण जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून मशेरी लावत होती. हिरवीगार नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि बोटभर जाडीच्या पाटल्या. तिने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, उठून मोरीत चूळ भरून आली आणि एकच प्रश्न विचारला.

"घरान बंदूक हाय क?"

मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. मंदाने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "मावशी, आमच्या घरातली विळीसुद्धा बोथट आहे. आणि ह्यांना झुरळावर चप्पल मारतानाही डोळे मिटून घ्यावे लागतात."

चांगूबायने, म्हणजे घरमालकिणीने, माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चेहरा पाहून तिची खात्री पटलेली दिसली, कारण ती लगेच म्हणाली, "खोली तुमची. पानी सकाली येतं."

आमच्या घराण्याला एवढ्या झटपट कुणी चारित्र्याचा दाखला दिल्याचं मला आठवत नाही.

जमिनी संपादनात गेल्यावर बोनकोड्यातल्या बहुतेकांनी केलं तेच चांगूबायच्या घरानेही केलं होतं: उरलेल्या तुकड्यावर चार मजले चढवले आणि आमच्यासारखे सातारकर, सांगलीकर आत भरले. पैशाला तोटा नव्हता. तरीही लग्नसराईत ती घरी क्वचितच सापडायची, कारण ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी यायच्या आधी आणि भटजी गेल्यावरही जिच्यावाचून पान हलत नाही ती ही बाई. हळद कांडण्यापासून नवरी उंबऱ्यातून आत येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळे धवले हिला पाठ. आवाज गोड म्हणता येणार नाही. भरतीच्या वेळी खाडीत उभं राहून पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तसा तो होता. पण तो उठला की मांडवातली भांडणं, मोबाइल आणि पोरं तिन्ही गप्प व्हायची.

त्या आवाजाच्या जोरावर तिने साऱ्या पंचक्रोशीत एक हुकूम चालवला होता: "तुजी हलद मी लावलेय." वीज कापायला आलेल्या वायरमनला, दुसऱ्याच्या दारात गाडी लावणाऱ्या पुढाऱ्याच्या भाच्याला, तालुक्याच्या कारकुनाला, सगळ्यांना हे एकच वाक्य. समोरचा कितीही फुगलेला असो, हे ऐकलं की त्याला आपण उघड्या अंगाने पाटावर बसलो होतो तो दिवस आठवायचा आणि हवा निघायची. एकदाच हे अस्त्र वाया गेल्याचं मी पाहिलं. चौकीतला एक नवा हवालदार शांतपणे म्हणाला, "बाई, माझी हळद कोरेगावला झाली." चांगूबाय घरी येईपर्यंत माझ्यावरच रागावलेली. "तुमच्या सातारची मानसं," ती म्हणाली, "कोनाच्या हातची हलद लावून येतान कोन जाने!"

बंदुकीचं तिला वेड आहे असं आम्ही पहिली दोन वर्षं समजत होतो. रंगपंचमीला आमच्या लेकीची पिचकारी तिने जप्त केली, कारण पिचकारी पिस्तुलाच्या आकाराची होती. बदल्यात घरातला तांब्याचा लोटा आणून दिला. "रंग टाकाचा त लोट्यानं टाक. नेम कशाला धरतंस?" लेक रडली, मंदा चिडली, आणि मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू बरोबर आहेत असं म्हणून दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

धर्मीबायची गोष्ट तिने आपण होऊन कधी काढली नाही. मला ती शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूकडून कळली आणि मग तुकड्यातुकड्याने तिच्याकडून.

धर्मी ही तिची जोडीदारीण. चांगूबाय ओळ उचलायची आणि धर्मी झेलायची. एका बड्या घरातल्या हळदीला दोघी नवऱ्या मुलाला घेऊन बसल्या होत्या. डीजे चालू होता, नोटा उडत होत्या, आणि कुणीतरी आनंदाच्या भरात कमरेचं पिस्तूल काढून मांडवाच्या छताकडे झाडलं. छताला आधाराची लोखंडी कैची होती. गोळी त्या लोखंडावर आपटून खाली फिरली. चांगूबायने ओळ टाकली ती धर्मीने झेललीच नाही, म्हणून तिने वळून पाहिलं.

पोलिसांनी जबाब घेतले. हळदीला शेकड्यांनी माणूस होतं, पण गोळी सुटली तेव्हा प्रत्येकजण आपल्या ताटात बघत होता. मटणात एवढं गुंतलेलं गाव पोलिसांनी पूर्वी पाहिलं नसावं. कुणी सुचवलं की चांगूबायने एक नाव घ्यावं. सगळ्यांना ठाऊक असलेलंच नाव होतं. तिने घेतलं नाही. "माजी पाठ व्हती. मी बगला नाय. नाय बगलेला कसा सांगू?" पिस्तूल परवान्याचं निघालं, प्रकरण अपघाताचं ठरलं, आणि पुढच्या लग्नसराईत मांडव पुन्हा उभे राहिले.

तिचा राग नाव न सापडल्याचा नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. ती एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "समदी इचारतान, कोनी मारली. कोनी इचारीत नाय, बंदूक मांडवान आली कशी. दारान पावन्यांचं पाय धुवाला चार मानसं उभी व्हती. गुलाबपानी शिपडाला दोन पोरी. एकानं तरी इचारला, दादूस, कमरेला काय हाय?"

म्हणून तिने आपला नियम केला. मांडवात बंदूक असली तर धवला नाही. आत शिरायची, सगळ्या पुरुषांच्या कमरांवरून नजर फिरवायची आणि फुगवटा दिसला की मशेरीची डबी उघडायची. मशेरी लावली की तोंड धुवेपर्यंत गाणं बंद, हे सगळ्यांना माहीत. नवरा मुलगा पाटावर कुडकुडतोय, बायका हळदीच्या वाट्या घेऊन ताटकळल्यात, आणि चांगूबाय सावकाश दात घासतेय. मग घरातला कुणीतरी मोठा माणूस दात-ओठ खात त्या पाहुण्याला बाहेर न्यायचा आणि बंदूक गाडीत ठेवून आणायचा. दोन लग्नसराया हे चाललं. बायका मनातून खूश होत्या. पुरुष म्हणायचे, म्हातारी मांडवाचा पोलीस झाली.

मग डीजेवाल्यांनी तोड काढली.

एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर पापड वाळत घातलेले काढत होतो. दूर कुठेतरी हळद होती. एकाएकी वाऱ्यावर चांगूबायचा आवाज आला, खणखणीत, खाडीपलीकडे जाणारा. मंदा म्हणाली, "अगंबाई, चांगूबाय तिथे गेल्यात?" आणि बघतो तो चांगूबाय आमच्यामागे जिन्याच्या दारात उभी. ती त्या घरी गेलीच नव्हती. त्या घरचे लोक बंदूक बाहेर ठेवायला तयार नव्हते, म्हणून तिने सुपारी परत केली होती. कुणीतरी जुन्या लग्नात मोबाइलवर तिचा आवाज भरून घेतला होता आणि आता तो डीजेच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून वाजत होता. धवला संपला आणि पाठोपाठ तीन बार झाले. फटाके नव्हते ते.

ती पुढे झाली आणि पापड गोळा करायला लागली. तेही अजून ओले होते ते आधी.

खाली उतरताना मला म्हणाली, "सातारकर, तुमाना सरकारी मराठी येतं ना?"

येतं म्हणजे काय! वीस वर्षं खरेदी खात्यात पुरवठादारांना धमक्या लिहून माझ्या हाताला 'उपरोक्त' आणि 'सदर' यांचं वळणच पडलं होतं. मी ताठ झालो. तिच्या डोक्यात होतं ते साधं होतं: सरकारने एक आयोग नेमावा. टीव्हीवर तिने पाहिलं होतं की मोठमोठ्या गोष्टींसाठी आयोग नेमतात, साहेब लोक येतात, माणसांना बोलावून विचारतात आणि त्यांना उत्तर द्यावंच लागतं. या आयोगाने फक्त एवढंच विचारायचं, शहरात बंदूक कुठल्या दारातून आत येते आणि त्या दारात कोण उभं असतं.

मी अर्ज लिहिला. 'वाढती नागरी गुन्हेगारी व शस्त्रहिंसाचार यांस आळा घालणेकामी आयोग गठित करणेबाबत.' चांगूबायला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "यान धर्मी कुठं हाय?" मी म्हटलं, सरकारी अर्जात माणूस घालत नाहीत, विषय घालतात. तिला ते पटलं नाही. तरी अंगठ्याशेजारी मोठ्या कष्टाने सही केली, कारण नुसता अंगठा दिला तर साहेब पुढचं वाचत नाहीत, असं तिचं मत होतं. बेलापूरच्या कचेरीत आम्ही हेलपाटे घातले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, शहराचा विषय म्हणून गृह खात्याकडून नगरविकासाकडे, बंदुकीचा म्हणून परत. एका साहेबाने चहा पाजला आणि आगरी मटणाचा मसाला कुठे चांगला मिळतो ते विचारून घेतलं. चांगूबायने मसाला नेऊन दिला. अर्ज जिथल्या तिथे राहिला.

आणि मग खरोखरच आयोग नेमला गेला! आमच्या अर्जामुळे नव्हे. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलबाहेर गोळीबार झाला, पाठोपाठ एका बिल्डरच्या ऑफिसात झाला, अधिवेशनात आरडाओरडा झाला, आणि सरकारने आयोग जाहीर केला. तरीही चांगूबायने आख्ख्या इमारतीला घावने खाऊ घातले. तिच्या मते सरकारला अर्ज पोचायला एवढा वेळ लागायचाच.

आयोगात निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, दोन अधिकारी आणि अशासकीय सदस्य म्हणून इथलेच एक पुढारी, भाऊ. भाऊंचे अभिनंदनाचे फ्लेक्स बोनकोड्याच्या कमानीवर लागले. ज्या हळदीत धर्मी गेली ती भाऊंच्या पुतण्याची होती. मी बातमी वाचून दाखवायची टाळत होतो, पण फ्लेक्स टाळता येत नाही. तो चांगूबायच्या खिडकीसमोरच होता. ती म्हणाली, "बरा झाला. भाऊची हलद मी लावलेय. त्याना माज्यासमोर बसाला लागल."

वाशीच्या सभागृहातल्या जनसुनावणीचं निमंत्रण तिच्या नावाने आलं, तेव्हा मलाही वाटलं की आता काहीतरी होणार. आठवडाभर मी तिची तयारी करून घेतली. मी वकील, मंदा न्यायाधीश, चांगूबाय साक्षीदार. मी उगाच उलटतपासणी घ्यायचो आणि दर वेळी हरायचो.

सुनावणीच्या दिवशी तिने लग्नातलं सगळं सोनं घातलं. तिला पहिल्या रांगेत बसवलं. दिवा लागला. मग निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "आणि आता आपल्या मातीचा सुगंध घेऊन, पारंपरिक धवल्याने मान्यवरांचं स्वागत करीत आहेत श्रीमती चांगुणाबाई!"

चांगूबाय माझ्याकडे वळली. "यी काय बोलतं? मना सांगाचा हाय क गानी म्हनाची हान?"

मी निमंत्रण उलटसुलट केलं. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' एवढंच त्यात होतं. उपस्थिती कशासाठी ते मी तरी कुठे विचारलं होतं! तोवर दोन कार्यकर्त्यांनी तिला हाताला धरून मंचावर नेली. माइक पुढे आला. तिने मंचावरच्या सगळ्यांकडे पाहिलं, भाऊंकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मग भाऊंच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे.

"यो कोन?"

"भाऊंचे अंगरक्षक आहेत, आजी," एक अधिकारी हसून म्हणाला. "सुरू करा."

"त्याच्या खांद्याला बंदूक हाय."

"सरकारी आहे ती. सगळ्यांच्या संरक्षणासाठी."

"धर्मीला लागली ती पन लायसनची व्हती," चांगूबाय माइकमध्येच म्हणाली. "मांडवान बंदूक हाय तवर मी धवला बोलीत नाय."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष भला माणूस होता. त्याने वाकून अधिकाऱ्याला विचारलं, "बाईंची काही मागणी आहे का?"

"नाही सर," अधिकारी म्हणाला, "लोककलावंत आहेत. मूड असतो."

चांगूबायने मंचाच्या कडेला बैठक मारली आणि डबी काढली. निवेदिका कागद चाळू लागली. भाऊंनी विंगेकडे बघून नुसती भुवई उचलली. विंगेत आवाजाची व्यवस्था बघणारा होता तो आमच्याच भागातला डीजेवाला. त्याने खिशातून मोबाइल काढला, वायर जोडली, आणि सभागृहात चांगूबायचा आवाज घुमला.

मी ते दृश्य विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. ती मंचावर बसून दात घासतेय, ओठ काळे झालेत, आणि तिचाच आवाज छतातून मान्यवरांचं स्वागत करतोय. भाऊ ताल धरतायत. अंगरक्षक सावधान उभा आहे. त्याला ती प्रार्थना वाटली असावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून ओरडायला हवं होतं, असं मंदा अजून म्हणते. मी उठलो, खरं आहे. मागच्या माणसाने "ओ काका, दिसत नाही, बसा" म्हटल्यावर बसलो.

दुपारी नागरिकांच्या सूचना घेतल्या. चांगूबाय तोंड धुऊन रांगेत उभी राहिली आणि तिने आपला प्रश्न विचारला. अधिकाऱ्याने तो नीट ऐकून घेतला, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, "आजी, आयोगाच्या कार्यकक्षेत संघटित गुन्हेगारी आणि अवैध शस्त्रं येतात. परवान्याचं शस्त्र, खासगी समारंभ, शिवाय हेतू आनंदाचा, हे आमच्याकडे बसत नाही."

"मंग कशान बसतं?"

"त्यासाठी वेगळी समिती नेमावी, अशी शिफारस करता येईल."

"धर्मी आनंदान मेली, आसा लिवा मंग," ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर आली.

सत्काराची शाल तिने बसमध्येच एका लेकुरवाळीच्या मांडीवर टाकली. नारळ घरी आणला. रविवारी फोडला तर खवट निघाला. "आयोगाचा नारल," एवढंच बोलून तो तिने शेजाऱ्यांच्या बोकडापुढे टाकला. त्या आठवड्यात मी ऑफिसात तीन पुरवठादारांवर विनाकारण खेकसलो. घरी बसून आयोगाला 'तीव्र निषेध' असा मथळा घालून पत्र लिहिलं. मजकूर काही सुचला नाही. चांगूबायने मला पुन्हा अर्ज लिहायला सांगितलं नाही. त्यात मला सुटकेपेक्षा अपमानच जास्त वाटला.

चांगूबाय गेली तेव्हा आयोगाला दुसरी मुदतवाढ मिळालेली होती. अहवाल आला की नाही, मला ठाऊक नाही. विचारावं तर कुठल्या खिडकीवर, तेही ठाऊक नाही.

ती मला शेवटची धड हिंडताफिरताना दिसली ती तिच्या चुलत नातवाच्या हळदीला. कोपरखैरण्याच्या मैदानात मांडव होता. दिवस मावळायचा होता, आणि कमानीपाशी पुरुषांची ही मोठी रांग खोळंबलेली. आम्हाला वाटलं, जेवणाची असेल. पुढे जाऊन बघतो तर कमानीच्या तोंडाशी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत चांगूबाय, शेजारी हळदीचं पातेलं. ती येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या कमरेला, सदऱ्याखालून, दोन्ही हातांनी हळद लावत होती. पुढे, मागे, बगलेपर्यंत. अशी रीत आगऱ्यांत नाही, कुठेच नाही. पण धवलारणीच्या हातची हळद कोण नाकारील? ज्यांना गुदगुल्या होत होत्या ते हसत होते.

माझ्यापुढे एक जाडजूड साखळीवाला तरुण होता. तो दोन पावलं मागे सरला. "मावशे, मना नको. कुरता नवीन हाय."

"मंग भायेर ऱ्हा."

"आसा काय करतंस? घरचा लगीन हाय."

"घरचा हाय म्हनूनच." तिने हात पुढे केलेले तसेच ठेवले. कोपरापर्यंत पिवळे. रांगेतले लोक त्याच्याकडे बघायला लागले. तो पुटपुटत वळला, गाडीकडे गेला, दार आपटल्याचा आवाज आला, आणि परत येऊन त्याने सदरा वर केला. तिने त्याला सगळ्यांपेक्षा जास्त हळद लावली. "जेवून जा," म्हणाली.

माझ्या कमरेला तिला काहीतरी कडक लागलं. "काय हाय?"

"चष्म्याचं घर."

"काड."

मी काढून दाखवलं. मग मला शहाणपण सुचलं. "चांगूबाय, मागच्या अंगाला आचाऱ्यांची वाट उघडीच आहे. तिकडून कोणी शिरलं तर?"

"ठाव हाय," ती म्हणाली. "एकली बाय किती दारान बसल?"

एवढ्यात आतून एक मुलगी धावत आली. नवरा पाटावर बसला होता, बायका थांबल्या होत्या. "चांगूबाय, आत चल ना! धवला पायजे. तू नाय आलीस त डीजेवाला मोबाइल लावतंय."

चांगूबायने आत पाहिलं. बाहेर रांग अजून रस्त्यापर्यंत होती. ती उठायला झाली, अर्धी उठलीही, मग पुन्हा खुर्चीत बसली. हात पातेल्यात बुडवले, मान मांडवाकडे वळवली आणि तिथूनच, कमानीतून, पहिली ओळ उचलली. माइक नव्हता. डीजेचा दणदणाट चालूच होता. आत पाटापर्यंत ती ओळ पोचली की नाही, कुणास ठाऊक. तिने गाणं न थांबवता कोपराने मला आत ढकललं आणि मागच्या माणसाचा सदरा धरून त्याला पुढे ओढला.